क्विल्ट: मॅटला पट्टे लावायचे की नुसत्या कडा खोचायच्या?

केप्याची_पायवाट
नमस्कार मंडळी. मोजमापांसकट विचारते, म्हणजे उत्तरं नेमकी मिळतील.

क्विल्ट (म्हणजे पाठ नसलेली, वरून पांघरायची स्लीपिंग बॅग) डाउनची, म्हणजे बदका-हंसाच्या मऊ पिसांची, ८५० फिल पॉवर (पिसांच्या फुगीरपणाचं माप). कंपनीने लिहिलेलं तापमान उणे ७, छातीशी रुंदी १२७ सेंमी, पायाचा कप्पा शिवलेला. मॅट फुगवायची, ५१ सेंमी रुंद, ७.५ सेंमी जाड, आर-व्हॅल्यू (थंडी अडवण्याचं माप) ४.५. झोप कुशीवरची, आणि रात्रीतून कूस पुष्कळदा बदलली जाते. क्विल्टसोबत दोन इलॅस्टिकचे पट्टे आले आहेत, दोन्ही मिळून साधारण ५० ग्रॅम.

वापर दोन ठिकाणी होणार: डिसेंबरअखेर उत्तराखंडातला केदारकंठा, आणि जानेवारीत वनखात्याची परवानगी काढून गोव्यातल्या सत्तरीत एक-दोन मुक्काम. पट्टे न्यायचे, की नुसत्या कडा अंगाखाली खोचून भागतं? आणि न्यायचेच तर बांधायची बरोबर पद्धत कोणती? सोबतच्या कागदावर एक पुसट चित्र आहे, त्यावरून काही कळत नाही.

सत्तरीकर
ताई, आधी पट्टा काय करतो आणि काय करत नाही ते बघू. अंगाखाली दबलेलं डाउन ऊब देत नाही, म्हणून क्विल्टला पाठच ठेवलेली नसते. पाठीची थंडी मॅट अडवते, वरची क्विल्ट. राहतात त्या दोन बाजूच्या कडा, आणि क्विल्टचं सगळं दुखणं तिथेच असतं. कूस वळली की खांदा वर येतो, क्विल्ट त्याच्याबरोबर उचलली जाते, मागची कड मॅटवरून सुटते आणि लोहाराच्या भात्यासारखी आतली गरम हवा बाहेर, बाहेरची गार हवा आत. पट्टा स्वतः एक अंशही ऊब देत नाही. तो फक्त ती कड सुटू देत नाही.

म्हणून उत्तर हवेवर ठरतं. जानेवारीत पणजीला रात्रीचं किमान तापमान २० अंशांच्या आसपास असतं, सत्तरीत डोंगराच्या बाजूला त्याहून काही अंश कमी. तिथे कड उघडली तर बरंच वाटेल. केदारकंठ्याच्या तळावर त्या दिवसांत उणे ५ ते उणे १० धरून चालायचं. तिथे एकदा भाता चालला की क्विल्टमधली हवा पुन्हा तापेपर्यंत झोप उडालेलीच.

माड_आणि_झुला
घरच्या गोधडीला पट्टा लागत नाही, कारण मध्यरात्री उठून कडा खोचणारी आजी शेजारी असते. :)

कुशीवर
आजीचं काम पट्ट्याने करायचं, एवढाच हा मामला आहे!

पण पट्टे हवेत की नकोत हे घरच्या घरी मोजून कळतं. शिंप्याची टेप घ्या. मॅट पूर्ण फुगवून तिच्यावर नेहमीच्या कुशीवर, नेहमीसारखे गुडघे मुडपून झोपा. अंगात ट्रेकला घालणार तेच कपडे हवेत, जॅकेट घालून झोपणार असाल तर जॅकेटसकट. दुसऱ्या कोणाला तरी छातीच्या उंचीवर पुढच्या बाजूला मॅटच्या पृष्ठापासून खांद्यावरून मागच्या बाजूला मॅटच्या पृष्ठापर्यंत टेप धरायला सांगा. टेप ताणायची नाही, सैल सोडायची. त्या आकड्यात दोन्ही बाजूंना खोचायला १५-१५ सेंमी मिळवा. एकूण आकडा क्विल्टच्या रुंदीच्या आत बसला तर खोचून भागेल. नाही बसला तर पट्टे.

उताणं झोपणाऱ्याला हाच आकडा बराच कमी येतो. म्हणून तीच क्विल्ट एकाला बिनपट्ट्याची पुरते आणि दुसऱ्याला पुरत नाही, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

दाबोळीचा_वारा
माझं मत वेगळं आहे. पट्टे हा अरुंद क्विल्ट विकण्यासाठी काढलेला उपाय आहे. १२७ ऐवजी १४७ सेंमी रुंदीची क्विल्ट घेतली तर त्याच तापमानाला वजन फार तर ६०-८० ग्रॅमने वाढेल. पट्ट्यांचे ५० ग्रॅम वाचतात, म्हणजे खरा फरक दोन लाडवांएवढा. बदल्यात काय मिळतं? अंधारात क्लिपा शोधायच्या नाहीत, रात्री तंबूबाहेर जायचं तर सोडासोड नाही, कमरेखाली बकल टोचत नाही. क्विल्ट घेणाऱ्याला हवा असतो मोकळेपणा. पट्ट्यांनी चहूबाजूंनी बांधून घ्यायचं असेल तर स्लीपिंग बॅग काय वाईट होती?

उणे_दहा
रुंदीबद्दल अनुमोदन, निष्कर्षाला नाही. १४७ सेंमीची क्विल्टसुद्धा अंगाखाली खोचलेली कड कूस बदलताना अंगाबरोबर ओढून काढते. रात्री दोनदा वळणाऱ्याची कड टिकते, वीसदा वळणाऱ्याची टिकत नाही. धागाकर्तीने वळणं पुष्कळ असं स्पष्ट लिहिलंय. शिवाय क्विल्ट तिच्याकडे आधीच आहे.

आता बांधायची रीत, कारण पट्ट्यांना नावं ठेवणारे बरेच जण ते चुकीचे बांधतात.

पट्टा मॅटभोवती कड्यासारखा जातो: थोडा मॅटखालून, थोडा मॅटच्या वरून, तुमच्या पाठीखालून. क्विल्टच्या वरून तो कधीच जात नाही. क्विल्टवरून आवळला तर डाउन दबतं आणि नेमकी तिथेच थंडी लागते. एक पट्टा छातीच्या रेषेत, दुसरा कमरेच्या थोडा खाली. पण आपल्या मनाने जागा ठरवू नका. क्विल्ट पसरा, तिच्या कडेला जिथे लूप आहेत त्यांच्या समोर पट्टे आणा.

पट्टे मॅट अर्धी फुगलेली असताना चढवायचे, मग पूर्ण फुगवायची. पूर्ण फुगलेल्या मॅटवर ओढून चढवले की सरकतात, तिरके बसतात. फुगवल्यावर पट्ट्याखाली दोन बोटं सहज शिरली पाहिजेत. नाही शिरली तर मॅटच्या कडा वर वळतात, मॅटची पन्हळ होते आणि तुम्ही रात्रभर मधल्या घळीत. मोठं बकल मॅटच्या खाली किंवा बाजूला फिरवून ठेवा.

प्रत्येक पट्ट्यावर दोन सरकत्या क्लिपा असतात आणि त्यांच्या दोन जागा आहेत, हाच भाग त्या पुसट चित्रात हरवला असणार. बाहेरची जागा: क्लिप मॅटच्या अगदी कडेला. क्विल्ट तंबूसारखी ताठ राहते, आत हातपाय हलवायला जागा मिळते, पण हवाही जास्त तापवावी लागते. शून्याच्या वर ही चालते. आतली जागा: क्लिप मॅटच्या वरच्या बाजूला, अंगाच्या जवळ, कडेपासून १०-१२ सेंमी आत. क्विल्टची कड अंगाला लागून खाली वळते आणि मॅटवर चपटी बसते. केदारकंठ्याला ही. क्लिप पट्ट्यावर सरकती असणं महत्त्वाचं, कारण कूस वळताना क्विल्ट चार-पाच सेंमी इकडेतिकडे जाते आणि कड तरीही मॅटला चिकटून राहते. पक्की शिवलेली क्लिप असेल तर तोच झटका लूपच्या शिवणीवर येतो.

दाबोळीचा_वारा
सरकत्या क्लिपेचा मुद्दा पटला. रात्री उठायच्या कटकटीचं काय?

उणे_दहा
तंबूच्या दाराच्या बाजूची फक्त वरची एक क्लिप सोडायची. बाकी तीन रात्रभर लागलेल्या. झोपण्यापूर्वी डोळे मिटून ती क्लिप एका हाताने दोन-तीनदा लावून-काढून बघा. हातमोजे घालून जमत नसेल तर क्लिपेला ४ सेंमी दोरीचं शेपूट बांधा.

फोंडेकार
वाचनखूण साठवली. उणे_दहा, देव बरें करूं.

शिवणयंत्र
ज्यांच्या क्विल्टबरोबर पट्टे आलेले नाहीत त्यांच्यासाठी लिहिते. घरी शिवता येतात आणि सामान म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात शिवणसाहित्याच्या दुकानात मिळतं. एका पट्ट्याला: २० मिमी नायलॉनची पट्टी (बॅगेच्या बंदाची), २० मिमी रुंद इलॅस्टिक, २० मिमीचं एक बकल, दोन प्लास्टिकचे स्लायडर, आणि पॉलिएस्टर दोरा. सुती दोरा नको. आपल्या दमटपणात तो कुजतो.

अख्खा पट्टा इलॅस्टिकचा करू नका. बाजारातल्या बऱ्याच पट्ट्यांची हीच खोड आहे. सगळाच ताणतो, मग मॅट आवळली जाते आणि कडाही नीट धरल्या जात नाहीत. इलॅस्टिक फक्त मॅटखालच्या भागात, बाकी नायलॉन. फुगलेल्या मॅटभोवती टेप फिरवा. ५१ बाय ७.५ च्या मॅटला साधारण ११० सेंमी भरेल. तयार कडं १०५ चं हवं. त्यासाठी इलॅस्टिक २४ सेंमी कापा (दोन्ही टोकांना २-२ शिवणीत जातील, हाती २०), नायलॉनची पट्टी १०५ सेंमी (शिवणी आणि बकलमधून कमी-जास्त करायची जागा धरून). नायलॉनची टोकं मेणबत्तीवर धरून वितळवून घ्या, नाहीतर दोन रात्रींत उसवतील. जोडावर चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण घाला. इलॅस्टिकवरून सरळ टीप मारली की ताणल्यावर दोरा तुटतो, तिथे झिगझॅग घाला. बकल लावण्याआधी दोन स्लायडर पट्टीवर ओवायला विसरू नका, मागाहून जात नाहीत.

क्विल्टला लूप नसतील तर ते फक्त कडेच्या दुमडीवर, आधीच्याच शिवणीच्या रेषेत लावा. बारीक सुई घ्या. दुमडीच्या आत एक जरी टाका गेला तरी त्या भोकातून डाउनची पिसं एकेक करून बाहेर येत राहतात आणि ती ओढून काढायचा मोह अनावर होतो. ओढू नका. मागून चिमटीत धरून आत घ्या, भोक आणखी मोठं होत नाही.

कुशीवर
ताई, ट्रेकवर क्लिप तुटली तर? चुकून पाय पडला की त्या बारक्या क्लिपा फटकन जातात, थंडीत तर जास्तच.

शिवणयंत्र
एक जास्तीची बाळगा, २ ग्रॅमचं काम. तीही नसेल तर क्विल्टच्या कडेच्या कापडात आतून एक अख्खी सुपारी धरा, बाहेरून तिच्या गळ्याशी बारीक दोरीची गाठ मारा आणि दोरीचं दुसरं टोक पट्ट्याला बांधा. कापडाला भोक पडत नाही. खडाही चालतो, पण सुपारी गुळगुळीत, कापड कापत नाही. सेफ्टी पिन मात्र डाउनच्या क्विल्टला कधीच लावू नका.

जांभा
सुपारीचा उपाय झकास.

गोव्यात वापरणाऱ्यांसाठी एक भर. आपल्याकडे जांभ्याची जमीन. तंबूत कितीही सांभाळा, तांबडी बारीक खर आत येतेच. ती मॅटखालच्या पट्ट्यात अडकते आणि रात्रभर तुमच्या वजनाखाली पट्टा आणि मॅट यांच्यामध्ये घासत राहते. मॅटला पडणारी भोकं पुष्कळदा काट्याची नसतात, पट्ट्याच्या रेषेतच सापडतात. सकाळी पट्टे काढून झटका, मॅटचा तो भाग ओल्या फडक्याने पुसा, मगच गुंडाळा. खाली जाड ग्राउंडशीट हवीच. आणि भोक शोधायचं असेल तर नदीत अख्खी मॅट बुडवू नका. साबणाचं पाणी आधी पट्ट्याच्या जागी लावा, बुडबुडे बहुतेक तिथेच दिसतील.

माड_आणि_झुला
झुल्यात झोपणाऱ्यांना हा सगळा ताप नाही. झुल्याच्या कडाच दोन्ही बाजूंनी वर येतात आणि क्विल्टला अंगाशी धरून ठेवतात, पट्टे लागत नाहीत. तिथे अडचण खालच्या बाजूची. पाठीखालचं कापड वाऱ्याने गार पडतं आणि मॅट झुल्यात सरकते, म्हणून खालून बाहेरच्या बाजूला दुसरी क्विल्ट टांगतात. ती अंगाखाली दबत नाही, म्हणून ऊब देते. सैल टांगली तर मध्ये हवेची पोकळी राहते, फार ताणली तर दबते. झुल्यात पडल्यावर ती पाठीला हलकेच टेकली पाहिजे. गोव्याच्या हिवाळ्यात खालची क्विल्टही लागत नाही, पातळ फोमची मॅट पुरते.

झुला माडांना बांधायचा असेल तर आधी वर बघा. नारळ किंवा सुकी चुडतं लटकत असतील तो माड सोडा.

सत्तरीकर
सत्तरीसाठी आणखी दोन गोष्टी. जानेवारीत पहाटे दंव फार पडतं आणि डाउन ओलं झालं की गोळा होतं. इथल्या हवेला डाउनपेक्षा सिंथेटिक भरणाची पातळ क्विल्ट बरी. क्लायमाशील्ड एपेक्ससारखं १०० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं भरण इथे पुरून उरतं. दुसरं म्हणजे डास. कड उघडी टाकून एक पाय बाहेर काढून झोपायला छान वाटतं, पण तो पाय जाळीला टेकला की जाळीतूनच चावतात. उकडलं तर पाय बाहेर काढण्याऐवजी गळ्याची दोरी सैल करा आणि क्विल्ट कमरेपर्यंत खाली घ्या. उघड्या अंगाला मॅट चिकटते, त्यासाठी मॅटवर एक पातळ सुती चादर.

फोंडेकार
थोडं अवांतर. पावसाळ्यात डाउनच्या क्विल्टला आपल्याकडे बुरशी धरते, वासही येतो. काय करावं?

सत्तरीकर
छोट्या पिशवीत कोंबून कधीच ठेवायची नाही. मोठ्या सुती अभ्र्यात सैल भरून, कपाटात वरच्या कप्प्यात, भिंतीला न टेकवता. मृगाच्या आधी दोन दिवस उन्हात, पण सरळ उन्हात नव्हे, वर पातळ चादर टाकून. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या दर पंधरवड्याला तव्यावर मंद आचेवर कोरड्या करा. प्लास्टिकची बंद पिशवी नको, आतला दमटपणा आतच राहतो. धुवायची ती दिवाळीनंतरच, डाउनच्या खास साबणाने. सुकायला दोन-तीन दिवस लागतात आणि मधूनमधून गोळे हाताने फोडावे लागतात. पट्ट्यांचं इलॅस्टिकही बघत जा. घाम, मीठ आणि उकाड्याने रबर मरतं, पट्टा ताणून सोडला आणि मूळ लांबीवर परत आला नाही तर बदला.

उणे_दहा
मूळ विषयावर येऊ. केदारकंठ्याला पट्ट्यांनी सगळं होईल असं धरू नका. क्विल्टवर लिहिलेलं उणे ७ हे बहुधा कशीबशी झोप लागण्याचं किमान तापमान असतं, सुखाची झोप त्याच्या पाच-सहा अंश वरच. डोक्याला क्विल्ट काही देत नाही, म्हणून माकडटोपी आणि वर जॅकेटची टोपी. तिसरं, मॅट. बर्फावर ४.५ ला सीमारेषा समजा. खाली १० मिमीची फोम मॅट घाला, तिची एक-दीड आर-व्हॅल्यू बेरजेत मिळते. मॅटच्या आर-व्हॅल्यूची एकच मोजणी २०१८ पासून एएसटीएम एफ ३३४० या मानकाने ठरली आहे, त्यामुळे हे आकडे बेरजेला धरता येतात. दोन मॅट असतील तर पट्टा दोन्हींभोवती एकत्र फिरवा, म्हणजे वरची खालचीवरून घसरत नाही. मात्र त्यासाठी पट्टा ३-४ सेंमी लांब करावा लागेल, हे घरून निघण्यापूर्वी तपासा.

केप्याची_पायवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. कुशीवर यांनी सांगितलं तसं मोजलं. जॅकेट घालून, कुशीवर, छातीशी १०४ सेंमी. १२७ मधून वजा केले तर २३ उरतात, म्हणजे एका बाजूला साडेअकरा. पंधराला साडेतीन कमी. केदारकंठ्याला दोन्ही पट्टे नेणार, क्लिपा आतल्या जागी. सत्तरीला पट्टे घरी राहतील. दाबोळीचा_वारा, तुमचा रुंदीचा मुद्दा पुढच्या क्विल्टसाठी लिहून ठेवला आहे.

एक शेवटचं. गळ्याची दोरी आणि बटण आधी लावायचं, की क्लिपा आधी?

दाबोळीचा_वारा
१०४ आला म्हटल्यावर माझी हरकत संपली. पट्टे न्याच.

उणे_दहा
क्लिपा आधी, आणि त्याही खालून वर: कमरेच्या दोन्ही, मग छातीची तंबूच्या आतल्या बाजूची, मग दाराच्या बाजूची. त्यानंतर गळ्याचं बटण, शेवटी दोरी. गळा आधी आवळला तर क्विल्ट खांद्यावर वर ओढली जाते, छातीच्या क्लिपा पोचत नाहीत आणि ओढून लावल्या की पायाकडचा कप्पा ताणून बोटांवरचं डाउन दबतं. झोपल्यावर पायाची बोटं ताठ करून बघा. कप्प्याच्या टोकाला घट्ट टेकत असतील तर गळा दोन बोटं सैल करा. दोरीचा लॉक कानामागे न ठेवता छातीच्या बाजूला वळवून आत खोचा, इलॅस्टिक दोरी सुटली की तो थेट डोळ्यावर येतो.